आयर्नचं टोक हवेत राहतं तेव्हा: लाय अँगल कसा तपासावा, किती वाकवावा

प्रश्न असा आला आहे: "मी छावणीच्या गोल्फ मैदानावर माळीकाम करतो. गाव नदीपलीकडे. मुलगी 15 वर्षांची, उंची 5 फूट 1 इंच. एका निवृत्त साहेबांनी त्यांचा जुना आयर्नचा, म्हणजे लोखंडी डोक्याच्या गोल्फ काठ्यांचा, सेट तिला दिला. चेंडू चांगला उडतो, पण जातो डावीकडेच. शिकवणारे म्हणतात स्विंग चुकतो. ती चेंडूपाशी उभी राहते तेव्हा आयर्नचं पुढचं टोक जमिनीवरून उचललेलं दिसतं. एकाने सांगितलं, लाय अँगल चुकीचा आहे. हे गावात राहून तपासता येतं का? आणि आमच्या लोहाराकडून वाकवून घेतलं तर चालेल का?"

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण नुकसान तिथे होऊ शकतं. लोहाराच्या भट्टीत हे आयर्न घालू नका. डोकं आणि शाफ्ट, म्हणजे काठीची दांडी, एकमेकांना इपॉक्सीने चिकटवलेले असतात. भट्टीची धग लागली की ती इपॉक्सी सुटते, वरची प्लास्टिकची कड वितळते आणि पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं. थंड लोखंडावर घणही मारायला लावू नका. आयर्न वाकवतात ते थंडच, पण डोकं शिकंजात पक्कं धरून, होझलला लांब दांडीची पकड लावून, मोजत मोजत. होझल म्हणजे डोक्याची ती मान, जिच्यात शाफ्ट बसतो. शाफ्टला पकड कधीच लावायची नाही.

तुमची शंका मात्र मला योग्य वाटते. 5 फूट 1 इंच उंचीच्या मुलीच्या हातात पुरुषांचा स्टँडर्ड सेट आणि चेंडू कायम डावीकडे, ही जोडी मी मोठ्या शहरातल्या एका क्लबच्या वर्कशॉपमध्ये वीस-बावीस वर्षं पुन्हा पुन्हा पाहिली. आता गावी परत आलो आहे, आयर्न वाकवायचं मशीन सोबत आणलं आहे, आणि आजही माझ्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये हीच तक्रार सगळ्यात जास्त असते.

लाय अँगल म्हणजे काय ते आधी. आयर्न फरशीवर असं टेकवा, की तोंडावरच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूवरच्या, आडव्या खाचा फरशीला समांतर राहतील. आता शाफ्ट फरशीशी जो कोन करतो तो लाय अँगल. नेहमीच्या पुरुषी सेटमध्ये 7 नंबरचा हा कोन साधारण 62 ते 63 अंश असतो. 4 नंबरचा दीड-एक अंश कमी, पिचिंग वेज या जवळच्या फटक्यांच्या आखूड काठीचा 64 च्या आसपास. नंबर वाढतो तशी काठी अर्ध्या इंचाने आखूड होते आणि कोन अर्ध्या अंशाने उभा होतो. कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे असतं. कोन खेळणाऱ्याच्या गरजेपेक्षा उभा असेल तर त्याला अपराइट म्हणतात. मग चेंडूला लागताना टाचेकडची, म्हणजे शाफ्टजवळची, बाजू जमिनीला टेकते आणि टो, म्हणजे पुढचं टोक, वर राहतो. कोन लवता असेल तर फ्लॅट. त्यात टो खाली जातो आणि टाच उचलते.

तुमच्या मुलीचे हात साहेबांच्या हातांपेक्षा जमिनीच्या जवळ आहेत. काठी तीच, 7 नंबरची सुमारे 37 इंचांची. हात खाली आले की काठी आडवी होते, आणि काठी आडवी झाली की टो उठतो. इथे दोन दोष एकमेकांत मिसळले आहेत: तिच्यासाठी काठी लांब आहे आणि कोनही उभा आहे. ते वेगळे काढणं, हेच खरं काम.

मी भिवापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातला. लहानपणी वखर हाकताना तो सारखा एका अंगाला ओढायचा आणि मी बैलावर ओरडायचो. बाप धुऱ्यावरून म्हणाला, "काहून मारतं त्याले? पास तिरपी हाये." पास, म्हणजे वखराचं पातं, एका बाजूने जास्त रुतत होती, आणि मी रुमण्यावर, म्हणजे हातात धरायच्या दांड्यावर, उलट्या बाजूने जोर देऊन जमिनीतलं तास सरळ ठेवू पाहत होतो. दुपारपर्यंत खांदा भरून आला. पास सरळ बसवल्यावर तेच बैल, तोच मी, आणि तास सरळ. तुमची लेक आत्ता तिरप्या पाशीचा वखर हाकते आहे. चेंडू डावीकडे जातो हे तिच्या हातांना कळलेलं आहे, म्हणून ते नकळत तोंड उघडं ठेवायला शिकत असतील, किंवा ती निशाणच उजवीकडे धरत असेल. शिकवणाऱ्यांना दिसतो तो हा रुमण्यावरचा जोर. म्हणून ते म्हणतात स्विंग चुकतो. डोळ्यांना दिसतं ते ते खरंच सांगतात, पण त्यामागचं कारण कदाचित आयर्नमध्ये आहे.

टो वर राहिला तर चेंडू डावीकडे का जातो, हे नीट समजून घ्या. बरेच जण सांगतात की टाच जमिनीत अडकते, तोंड फिरतं, म्हणून चेंडू डावीकडे. टाच चेंडूच्या आधीच मातीत घुसली तर तसं होतं. पण चेंडू स्वच्छ लागला तर तो तोंडावर सेकंदाचा दोन हजारावा भाग, जेमतेम तेवढाच टिकतो. टाच मातीत अडकेपर्यंत तो निघून गेलेला असतो. खरं कारण लॉफ्टमध्ये, म्हणजे तोंड मागे कललेलं असतं त्या कोनात आहे. वहीचा एक पुठ्ठा घ्या. भिंतीकडे तोंड करून उभे राहा, पुठ्ठा भिंतीकडे तोंड करून समोर धरा आणि वरची कड थोडी स्वतःकडे कलवा. हा आयर्नचा लॉफ्ट. आता उजवी कड वर उचला. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा टो तिकडेच असतो. पुठ्ठ्याचं तोंड आता वर आणि डावीकडे पाहू लागलं. हाच पुठ्ठा पूर्ण उभा धरून उजवी कड उचलली, तर तोंड भिंतीकडे सरळच राहतं. म्हणजे जितका लॉफ्ट जास्त, तितकं लाय अँगलच्या चुकीमुळे तोंड जास्त वळतं.

आकड्यात सांगतो. लाय 3 अंशांनी जास्त उभा असेल, तर 34 अंश लॉफ्टच्या 7 नंबरचं तोंड सुमारे 2 अंश डावीकडे पाहतं. 110 मीटरवर ते जवळपास 4 मीटर होतात. 46 अंशांच्या वेजचं तोंड 3 अंशांहून थोडं जास्त वळतं, आणि 80 मीटरवर 4 मीटरच्या वर जातं. 24 अंशांच्या 4 नंबरला तेवढ्याच चुकीने सव्वा अंशाच्या आसपास. शिवाय चेंडूला थोडं डावीकडचं वळण मिळतं, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून मोठा दिसू शकतो. "एका अंशाला चार यार्ड" असं सरसकट सांगितलं जातं, ते मला पटत नाही. लॉफ्ट आणि अंतर न सांगता असा एकच आकडा देता येत नाही.

यातून घरबसल्या पहिली तपासणी मिळते. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, आणि लाकडी घराण्यातल्या बाकीच्या काठ्या यांचा लॉफ्ट कमी, म्हणून त्यांच्यावर लायचा परिणाम फार कमी. मुलीचा ड्रायव्हर बऱ्यापैकी सरळ जातो, लांब आयर्न थोडं डावीकडे आणि वेज सगळ्यात जास्त डावीकडे, असं असेल तर संशय लायवर घ्या. ड्रायव्हरही आयर्नइतकाच डावीकडे वळून जात असेल, तर शिकवणाऱ्यांचं म्हणणं खरं असण्याची शक्यता जास्त. आठवडाभर वहीत लिहून ठेवा: कोणती काठी, किती चेंडू, कुठे पडले. आठवणीवर विसंबू नका. माणसाला वाईट फटका जास्त लक्षात राहतो.

उतारावर हेच प्रत्यक्ष बघायला मिळतं. मुलीला बांधाच्या कडेला उभी करा, चेंडू पायांपेक्षा वर राहील असा. टो वर जाईल आणि चेंडू डावीकडे जाईल. जुने खेळाडू म्हणतात, चेंडू पायांच्या वर असेल तर निशाण उजवीकडे धर. कारण हेच आहे. तुमच्या मुलीसाठी अख्खं मैदान असा बांध झालेलं आहे.

आता खरी परीक्षा. उभं राहिल्यावर टो उचललेला दिसतो, एवढ्यावरून निर्णय घेऊ नका. स्विंगमध्ये डोक्याच्या वजनाने शाफ्ट खालच्या बाजूला किंचित लवतो आणि टो खाली येतो. त्यामुळे उभं असताना टोखाली एक-दोन नाणी सरकतील एवढी फट असलीच पाहिजे. शिवाय चेंडूला लागताना हात बहुतेकांचे उभ्या स्थितीपेक्षा थोडे वर असतात. म्हणून कोन ठरवायचा तो चेंडू लागण्याच्या क्षणाचा. उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजून तक्त्यात बघतात, ती सुरुवात म्हणून ठीक आहे, पण तक्त्यावर वाकवलेला सेट मी बरेचदा परत सरळ केला आहे.

परीक्षेला लागतं ते असं: शाळेत फळ्यावर वापरतात तो व्हाइटबोर्ड मार्कर, ओलं फडकं, दहा-बारा चेंडू आणि मिस्त्रीचा ओळंबा. पक्क्या शाईचा मार्कर नको, त्याचा ठसा उमटत नाही. चेंडूवर एक जाड रेघ ओढा. चेंडू असा ठेवा, की रेघ आयर्नच्या तोंडासमोर येईल आणि ओळंब्याशी ताडून बघितली तर अगदी उभी असेल. इथे घाई केली तर सगळी परीक्षा वाया. 7 नंबरने मारा. तोंडावर रेघेचा ठसा उमटेल. आयर्न उचलून खाचा आडव्या धरा आणि ठसा बघा. ठसा खाचांना काटकोनात असेल तर लाय तिच्यासाठी योग्य. ठशाचा वरचा भाग टोच्या बाजूला कललेला असेल तर आयर्न अपराइट आहे. टाचेकडे कललेला असेल तर फ्लॅट. रेघ जितके अंश कलली, तितकीच साधारण लायची चूक, म्हणून फोनने सरळ समोरून फोटो घ्या आणि नंतर घरी कोनमापकाने मोजा. प्रत्येक फटक्यानंतर तोंड पुसा. टोकाला लागलेले, मातीत गेलेले फटके सोडून द्या. पाच-सहा स्वच्छ फटके एकाच बाजूला बोलू लागले की ते उत्तर.

जागेबद्दल मात्र हट्टी राहा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात बोटभर भेगा पडतात आणि पावसाळ्यात चिखल बुटाला पायलीभर चिकटतो. दोन्हीत परीक्षा करू नका. बारीक कापलेल्या गवताची सपाट पट्टी मैदानावर तुमच्याच हातची असते, ती सगळ्यात उत्तम. तिथे परवानगी नसेल तर गोठ्यात टाकतात तसली रबरी मॅट चालते. पण चेंडू मॅटवर आणि पाय जमिनीवर असं होऊ देऊ नका. मॅटच्या जाडीने चेंडू पायांच्या वर जातो आणि चांगलं आयर्नही अपराइट दाखवतं. दुसऱ्या मॅटवर तिला उभी करा. सपाटी बघायला परातीत बोटभर पाणी घेतलं तरी कळतं.

बऱ्याच ठिकाणी फळीची परीक्षा करतात. आयर्नच्या तळाला इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावायची, प्लायवूडच्या फळीवरून चेंडू मारायचा आणि पट्टीवर ओरखडा कुठे पडला ते बघायचं. ओरखडा टाचेकडे तर अपराइट, टोच्या बाजूला तर फ्लॅट. ही परीक्षा चुकीची नाही, पण माझा विश्वास रेघेवर जास्त. तळ जमिनीला लागतो तो कधी चेंडूच्या आधी, कधी नंतर, आणि कठीण फळी समोर दिसली की लहान मुलं मनगट आखडून मारतात. रेघ मात्र चेंडू लागला त्याच क्षणाची साक्ष देते.

आता सेटचा आत्ताचा कोन मोजून लिहून ठेवा, कारण जुना सेट कंपनीने दिलेल्या कोनावर राहिलेला असेलच असं नाही. साहेबांनी स्वतःसाठी वाकवून घेतलेला असू शकतो. सपाट फरशीवर आयर्न ठेवा, खाचा फरशीला समांतर करा आणि कोन दाखवणारं फोनमधलं अॅप शाफ्टवर टेकवून वाचा. शाफ्ट खालच्या बाजूला निमुळता असतो, त्याने थोडा फरक पडतो, पण अर्ध्या अंशाच्या आत उत्तर मिळतं. सगळ्या काठ्या मोजा. एखादी 5 नंबर शेजारच्या दोघांपेक्षा भलतीच वेगळी निघते आणि मग कळतं, की त्याच एका काठीने पोर का चिडत होती.

सेट पिंग कंपनीचा असेल तर काम सोपं. होझलजवळ रंगीत ठिपका असतो. कार्स्टन सोल्हाइम हे जनरल इलेक्ट्रिकमधले इंजिनिअर. त्यांनी 1959 मध्ये घरच्या गॅरेजमधून पिंग सुरू केली, आणि प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे लाय देऊन तो ठिपक्याने दाखवायची पद्धत पिंगनेच रूढ केली. काळा ठिपका म्हणजे स्टँडर्ड, निळा आणि हिरवा अपराइटकडचे, लाल आणि नारिंगी फ्लॅटकडचे. साहेब उंच असतील तर निळा किंवा हिरवा निघेल, आणि मग तुमच्या मुलीचा अर्धा प्रश्न तिथेच उलगडेल.

यापुढे मी ठरलेला एक क्रम पाळतो: आधी लांबी, मग लाय. उलटं केलं की दोनदा वाकवावं लागतं. काठी अर्धा इंच लांब असली तर ती साधारण एका अंशाने जास्त उभी असल्यासारखी वागते. म्हणून तिला 7 नंबर अर्धा इंच खाली धरून मारायला सांगा, मग एक इंच खाली. ग्रिपवर, म्हणजे हातात धरायच्या रबरी मुठीवर, चिकटपट्टीने खूण करा, म्हणजे हात प्रत्येक वेळी तिथेच येईल. दोन्ही ठिकाणी रेघेची परीक्षा घ्या. कंबरेतून सहज वाकून, गुडघे थोडे सैल ठेवून ती जशी आरामात उभी राहते तशीच राहू द्या. काठीला जुळावं म्हणून तिला ताठ उभं करू नका किंवा चेंडूपासून लांब सरकवू नका. तसं केलं तर ठसा सरळ येईल आणि खेळ बिघडेल.

तिची उंची आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं पाहता, पाऊण ते एक इंच लांबी कमी आणि त्यावर एखाद-दोन अंश फ्लॅट, असा माझा अंदाज आहे. पण मार्करची रेघ वेगळं बोलली तर रेघेचं ऐका. 6 फुटांच्या एका खेळाडूला मी स्टँडर्ड लायच ठेवला होता. त्याचे हात इतके लांब, की मनगट जमिनीपासून त्याच्या 5 फूट 8 इंच उंचीच्या भावाइतक्याच अंतरावर यायचं.

कापायचं ठरलं तर सगळा सेट एकदम कापू नका. फक्त 7 नंबर. कापायचं ग्रिपच्या बाजूने, डोक्याच्या बाजूने कधीच नाही. अर्धा इंच कापला की स्विंगवेट साधारण तीन अंकांनी उतरतं, म्हणजे डोकं हलकं वाटू लागतं. पुरुषांच्या जड पोलादी शाफ्टवर 15 वर्षांच्या मुलीला ते बहुधा बरंच वाटेल. नवीन ग्रिप चढवायला आत दुतर्फी चिकटपट्टी आणि टर्पेंटाइन लागतं, आणि रात्रभर वाळू द्यावं लागतं. त्या एका काठीने महिनाभर खेळू द्या. ती मागच्या वर्षभरात दोन इंच वाढली असेल तर अजून कापूच नका, खाली धरूनच खेळू द्या. कापलेला शाफ्ट वाढवता येतो, पण ते जोडकाम मला तरुण खेळाडूच्या काठीत आवडत नाही.

वाकवायच्या आधी धातू ओळखा. फोर्ज्ड, म्हणजे घडीव, आयर्न मऊ कार्बन पोलादाचं असतं, बहुतेक वेळा पाठीवर तसं कोरलेलं असतं, आणि ते दोन-तीन अंश सुखाने वाकतं. ओतीव आयर्न बरेचदा 17-4 नावाच्या कडक स्टेनलेसचं असतं. त्यात एक अंश सहज, दोन अंश जपून, त्यापुढे मी जात नाही. 431 जातीचं स्टेनलेस थोडं मऊ. बाजारात पिशवीसकट स्वस्तात मिळणारे काही सेट जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. ते वाकत नाहीत, तुटतात. स्वस्त सेटच्या डोक्याला चुंबक चिकटलं नाही तर तो वाकवायला देऊ नका. पण चुंबक चिकटलं म्हणजे मऊ, असंही समजू नका, कारण 17-4 लाही चुंबक चिकटतं.

ही मर्यादा मी पुस्तकात वाचून शिकलेलो नाही. वर्कशॉपमधल्या माझ्या दुसऱ्या वर्षी एका सदस्याने ओतीव 6 नंबर चार अंश फ्लॅट करून मागितलं. दोन अंशांपर्यंत आलं. तिसऱ्याला दांडी हातात कशी जड झाली ते मला आजही आठवतं. पोलाद "नाही" म्हणत होतं. मी आणखी जोर दिला. कट्ट असा बारीक आवाज आला आणि होझल माझ्या हातात राहिलं. त्या माणसाच्या वडिलांचा सेट होता तो. पैसे मी पगारातून भरले, पण तसं आयर्न पुन्हा मिळालं नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक कितीही म्हणो, मी कडक आयर्नला दोन अंशांपुढे नेत नाही. उरलेला फरक लांबीतून काढतो.

ज्याच्याकडे द्याल त्याच्याकडे लॉफ्ट-लायचं मशीन आहे ना, हे बघा. तो वाकवण्याआधी आणि नंतर दोन्ही कोन मोजून तुम्हाला दाखवतो का, हेही बघा. लाय वाकवताना लॉफ्टही हलतो. लाय बरोबर आला आणि 7 नंबरचा लॉफ्ट दोन अंशांनी उतरला, तर तिच्या 7 आणि 6 नंबरचं अंतर जवळपास एक होऊन बसेल. आधी फक्त 7 नंबर वाकवून घ्या, तिथेच रेघेची परीक्षा पुन्हा करा, ठसा सरळ आला की मग त्याच्या हिशेबाने बाकीच्या काठ्या अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या पायरीने लावून घ्या. होझल पुन्हा पुन्हा इकडून तिकडे वाकवू नये, धातू थकतो. म्हणून मोजणी दहा वेळा झाली तरी चालेल, वाकवणं एकदाच. आणि स्पर्धेची फेरी चालू असताना काठीत मुद्दाम बदल करणं नियमात बसत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात काय ते करा.

आता शिकवणाऱ्यांबद्दल. त्यांना टाळून हे करू नका. रेघेचा ठसा सरळ आला आणि तरीही चेंडू डावीकडेच गेला, तर दोष लायचा नाही. तो स्विंगचा, काठी धरण्याचा किंवा निशाणाचा आहे, आणि तो त्यांनाच दिसेल. मग आयर्नला हात लावू नका. ठसा एखाद्या अंशानेच कललेला असेल आणि मुलगी खेळायला लागून वर्षही झालं नसेल, तरीही मी थांबतो, कारण स्विंग बदलतो तसा ठसाही बदलतो. पण चूक दोन अंश किंवा त्याहून जास्त असेल तर थांबू नका. चुकीच्या आयर्नवर वर्षभर घोटवलेला स्विंग सोडवायला दोन वर्षं लागतात. मी अशी मुलं पाहिली आहेत. सरळ मारायला शिकलेली, पण अपराइट आयर्नने. चांगला सेट हातात आल्यावर त्यांचा चेंडू उजवीकडे जाऊ लागला आणि त्यांना वाटलं आपला खेळच गेला.

म्हणून तिला आधीच सांगून ठेवा: दुरुस्तीनंतर काही आठवडे चेंडू उजवीकडे जाईल. तिचे हात अजून जुन्या आयर्नची भरपाई करत असतील. तेव्हा कोणी म्हणेल, वाकवून बिघडवलं, परत कर. परत करू नका. रोज थोडे चेंडू मारू द्या, ठशाचे फोटो काढत राहा. ठसा सरळ असेल तर हात आपोआप जागेवर येतात. माझ्या पाहण्यात बहुतेकांना तीन-चार आठवडे लागले.

मैदानावर काम करणाऱ्याच्या घरातून खेळाडू निघत नाही असं तिला कोणी सांगितलं, तर एस. एस. पी. चौरसिया यांचं नाव सांगा. वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर, आणि मुलाने 2016 आणि 2017 अशी लागोपाठ दोन वर्षं इंडियन ओपन जिंकली. गवत कसं वागतं हे जिच्या बापाला कळतं, तिला खेळातलं अर्धं मैदान घरीच मिळालेलं असतं. तिला हवंय ते तिच्या शरीराला जुळणारं आयर्न.

सेट फोर्ज्ड निघाला तर एक गोष्ट वर्षातून एकदा करायची. मऊ पोलाद कठीण जमिनीवर आणि मॅटवर आपटून आपटून हळूहळू हलतं, अर्धा-एक अंश इकडेतिकडे होतो. आत्ता मोजलेले सगळे कोन एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि कागद बॅगच्या खिशात प्लास्टिकमध्ये ठेवा. शेजारी तिची उंची आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर लिहा. पुढच्या वर्षी पाऊस उघडला आणि जमीन पाऊल धरू लागली की तोच मार्कर, तोच ओळंबा घेऊन दहा चेंडू मारू द्या आणि नवे आकडे जुन्यांखाली लिहा.